हाय विकम: आठवडी बाजाराचं गाव ते खुर्च्यांचं गाव

माळरान

लंडनहून ऑक्सफर्डला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर साधारण अर्ध्या वाटेत हाय विकम लागतं. बकिंगहॅमशरमधलं, चिल्टर्न टेकड्यांच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं गाव. मी जवळच राहते. आपली मंडळी इकडे येतात ती ईडन नावाच्या मॉलमध्ये खरेदी करून परत जातात, म्हणून म्हटलं एक धागा काढावा.

मॉलकडे पाठ करून हाय स्ट्रीटवर आलात की पश्चिमेच्या टोकाला खांबांवर उभी असलेली विटांची इमारत दिसते. हे गिल्डहॉल, १७५७ साली अर्ल ऑफ शेलबर्नने बांधून दिलेलं. वर सभागृह आणि खाली कमानींचा मोकळा मांडव, म्हणजे पाऊस आला तरी बाजार थांबायला नको. समोरच अष्टकोनी छोटं मार्केट हाउस आहे. ते रॉबर्ट ॲडम या नामांकित वास्तुशिल्पीने १७६१ साली नव्याने उभारलं. गावकरी त्याला 'पेपर पॉट' म्हणतात, आकार मिरपुडीच्या डबीसारखा आहे म्हणून. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार इथे अजून बाजार भरतो. भाजी, कापड, मोबाइलची कव्हरं, सगळं.

बाजाराचं गाव म्हणजे आसपासच्या खेड्यांनी माल आणायचा, इथे विकायचा आणि मीठमिरची घेऊन परत जायचं. पण नुसत्या बाजारावर गाव मोठं होत नाही. विकमला हात दिला तो वाय नदीने. ओढाच म्हणावा इतकी लहान नदी, पण उतार चांगला आणि पाणी बारमाही. अकराव्या शतकातल्या जमीन-महसूल नोंदीतही इथल्या पाणचक्क्या आहेत. आधी धान्य दळलं, मग त्याच पाण्यावर लोकरी कापड कुटून घट्ट करायच्या चक्क्या चालल्या, आणि अठराव्या शतकापर्यंत नदीकाठी कागद गिरण्यांची रांग लागली. घरोघरी बायका लेस विणायच्या आणि ती लंडनचे व्यापारी उचलायचे.

आणि मग खुर्च्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथे खुर्च्यांचे पहिले कारखाने निघाले. १८७५ च्या सुमारास गावातून दिवसाला ४,७०० खुर्च्या बाहेर पडतात असा अंदाज तेव्हाच केला गेला होता. मूडी आणि सँकी या अमेरिकन धर्मप्रचारकांच्या इंग्लंडमधल्या सभांसाठी एकदम १९,२०० खुर्च्यांची मागणी आली, तीही विकमने पुरी केली. फुटबॉल बघणाऱ्यांना विकम वॉन्डरर्स हा क्लब माहीत असेल. १८८७ साली फर्निचरच्या धंद्यातल्या तरुण पोरांनी तो काढला, म्हणून त्यांना आजही 'चेअरबॉइज' म्हणतात.

माझ्या मते या गावाची खरी गोष्ट अशी आहे की इथे अख्खी खुर्ची कुणी एक माणूस करतच नव्हता. त्याबद्दल पुढे लिहीन, पण आधी तुम्ही बोला.

स्लाऊकर

महापौराचं वजन करतात ते हेच गाव ना? दर मे महिन्यात नवा महापौर निवडला की मावळत्या महापौराला भर रस्त्यात तराजूत बसवतात. वजन मागच्या वर्षाइतकंच असेल तर आकड्यापुढे "आणि जास्त नाही!" असं पुकारतात. वाढलं असेल तर पुढे "आणि वर थोडं!" असं जोडतात, आणि पब्लिक हुर्यो करतं. अर्थ सरळ आहे, जनतेच्या पैशावर खाल्लं.

आपल्याकडे सुरू करायला हरकत नाही. काटा मोठा लागेल.

माळरान

हो, तेच. ही चाल १६७८ पासूनची आहे असं सांगतात. महापौराचा लाल झगा, गळ्यात साखळी, आणि वर तो तराजू.

सुताराचा_नातू

धागा आवडला. पण नुसते आकडे नकोत, काम कसं व्हायचं ते लिहा. दिवसाला चार-पाच हजार खुर्च्या म्हणजे वीस हजारच्या घरात नुसते पाय. एकोणिसाव्या शतकात एवढे पाय कातायचे कुठे आणि कशावर? लाकूड वाळवायला तर वर्ष वर्ष जातं.

माळरान

नातूसाहेब, मुद्द्यावर बोट ठेवलंत. पाय कारखान्यात कातलेच जात नव्हते, जंगलात कातले जायचे. आणि ओल्या लाकडाचे.

चिल्टर्नच्या डोंगरांवर बीच या झाडाची दाट जंगलं आहेत. तिथे 'बॉजर' म्हणवणारे कातारी काम करायचे. जंगलातली ठरावीक झाडं लिलावात विकत घ्यायची, तिथेच पेंढा किंवा पत्र्याची खोपटी उभारायची. झाड पाडून पायाच्या लांबीचे ओंडके करायचे. ओंडका करवतीने कापत नाहीत. पाचर घालून उभा चिरतात, म्हणजे लाकडाची धाव अखंड राहते आणि बारीक पायसुद्धा मोडत नाही. चिरलेला तुकडा आखूड कुऱ्हाडीने तासायचा, मग लाकडी घोडीवर बसून पायाने दाबून धरायचा आणि दोन मुठींच्या सुरीने गोलसर सोलायचा. शेवटी लेथवर.

हा लेथ म्हणजे दोन खुंटे, वर एक लवचिक लांब काठी आणि खाली पायपट्टी. काठीच्या टोकाची दोरी तुकड्याला एक वेढा देऊन खाली पायपट्टीला बांधलेली. पाय दाबला की तुकडा आपल्याकडे फिरतो, तेवढ्यात कापून घ्यायचं. सोडला की काठी दोरी वर ओढते आणि तुकडा उलटा फिरतो. वीज नाही, वाफ नाही, पाणीसुद्धा नाही. लेथ पाठीवर टाकून पुढच्या झाडाकडे जाता यायचं. ओलं बीच लोण्यासारखं कापलं जातं. कातलेले पाय तिथेच रचून वाळू द्यायचे.

कारखानदाराला ते ग्रोसच्या, म्हणजे बारा डझनांच्या हिशेबाने जायचे. १४४ पाय म्हणजे ३६ खुर्च्या, आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या दर खुर्चीला तीन, म्हणजे १०८.

सुताराचा_नातू

वा! म्हणजे आजोबांच्या सामत्याचंच, दोरीने फिरवायच्या गिरमिटाचंच तत्त्व. दोरी पुढे गेली की छिद्र पडणार, मागे आली की विसावा.

आणि बैठक? पाय जंगलात, मग बैठक कुठे?

माळरान

बैठक गावात, एल्म या झाडाच्या जाड फळीची. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, कडेजवळ भोकं पाडली तरी फळी उकलत नाही. ती कोरणारा वेगळा माणूस, त्याला 'बॉटमर' म्हणत. फळी जमिनीवर ठेवायची, तिच्यावर दोन्ही पाय फाकून उभं राहायचं आणि पायांच्या मधल्या जागेत वाकस (आडव्या पात्याचं तासायचं हत्यार) चालवायचा. ढुंगण टेकेल असा खोलगट आकार नुसत्या नजरेने यायचा. वाकस चुकला तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

पाठीची कमान ॲश या झाडाच्या लाकडाची. वाफेत शिजवून साच्याभोवती वाकवायची आणि खुंट्या मारून थंड होऊ द्यायची. पाठीच्या मधली नक्षीची पट्टी करवतीने कापणारा बेंचमन. हे सगळे भाग एकत्र जुळवणारा फ्रेमर. मग रंग-पॉलिशवाले. जुळणीतली खरी हुशारी अशी की पाय खडखडीत वाळलेले आणि बैठक किंचित दमट. पुढे बैठक सुकून आकसली की पायाचं टोक आवळून धरते.

तर्कट

छान आहे, पण दोन शंका.

एक, बीचची झाडं इंग्लंडच्या अख्ख्या दक्षिण भागात आहेत. मग धंदा विकमलाच का? "जंगल होतं म्हणून" हे उत्तर अपुरं आहे.

दोन, जंगलातला स्वतंत्र कारागीर, पक्ष्यांची किलबिल, लाकडाचा वास वगैरे चित्र हल्ली व्हिडिओंमध्ये फार खपतं. प्रत्यक्षात हा नगावर मजुरी घेणारा ठेकेदार होता. झाडाचे पैसे आगाऊ भरायचे, भाव कारखानदार ठरवणार. यात स्वातंत्र्य कुठे आहे?

ओढाळ

पहिल्या शंकेवर थोडं लिहितो, चिल्टर्नमध्ये बरीच भटकंती झाली आहे.

ही बीचची जंगलं मुळात खुर्च्यांसाठी राखलेली नव्हतीच. कित्येक शतकं लंडनच्या चुली चिल्टर्नच्या सरपणावर पेटायच्या. लाकूड टेम्सपर्यंत आणून होड्यांनी शहरात जायचं. पुढे लंडन दगडी कोळसा जाळायला लागलं आणि सरपणाला गिऱ्हाईक उरलं नाही. डोंगर झाडांनी भरलेले, मालकांना ती विकायची होती. म्हणजे कच्चा माल होता आणि तो पडून होता.

दुसरं म्हणजे रस्ता. लंडन हीच सगळ्यात मोठी बाजारपेठ आणि ती एका दिवसाच्या गाडीप्रवासावर. खुर्ची हलकी पण जागा खाणारी वस्तू, लांबून वाहून आणणं परवडत नाही. विकमच्या गाड्यांवर खुर्च्यांचे डोंगर रचलेले असायचे, आणि काही व्यापारी तर विकल्या जातील तिथपर्यंत गाडी हाकत मध्य इंग्लंडात जायचे. रेल्वे १८५४ साली आली, तीही मेडनहेडहून फाटा. लंडनला सरळ मार्ग १९०६ पर्यंत नव्हता. म्हणजे धंदा वाढला तो बैल... चुकलो, घोडागाडीच्या जोरावर.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्वस्त हात. लंडनमध्ये कारागिरांच्या जुन्या संघटनांचा दबदबा होता, इथे तशी आडकाठी नव्हती. शेतमजुराला हिवाळ्यात काम नसायचं. त्यात कागदाच्या धंद्यात यंत्रं आली. नोव्हेंबर १८३० मध्ये याच वाय नदीच्या काठी मजुरांनी घण घेऊन कागद गिरण्यांमधली यंत्रं फोडली. खटले चालले, बऱ्याच जणांना तुरुंग आणि काहींना थेट ऑस्ट्रेलियाची हद्दपारी. खुर्चीच्या कारखानदाराला माणसं शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

तर्कट

हे पटलं. विशेषतः सरपणाचं.

अरुंधती_म

लेस विणणाऱ्या बायकांचं पुढे काय झालं ते कुणीच लिहिलं नाही. यंत्राची लेस आली आणि हातलेसीचा भाव पडला. त्याच सुमारास वेताच्या बैठकीच्या खुर्च्यांची फॅशन आली. मग त्याच बोटांनी वेत विणायला घेतला. खुर्चीचा सांगाडा कारखान्यातून घरी यायचा, बायका आणि पोरं दारात बसून बैठक विणायची आणि सांगाडा परत जायचा. वेत ओला ठेवावा लागतो, ओढून ओढून बोटं चिरतात. या विणकामाला सगळ्या साखळीत सर्वांत कमी पैसे.

बॉजर लोकांचे फोटो भरपूर आहेत. खोपटीसमोर पाइप ओढत उभे. या बायकांचेही काही आहेत, दारात खुर्च्यांच्या ढिगात बसलेल्या, पण पोस्टकार्डावर छापावेत असे नाहीत.

कोकणी_वेत

वेत कुठला? इंग्लंडात तर होत नाही.

अरुंधती_म

आग्नेय आशियातला, जहाजाने लंडनच्या गोदीत. तिथून विकम. बीच आणि एल्म मात्र इथलेच.

सह्यकडा

विषयाला फाटा फोडतोय, पण राहवत नाही. विकमचं भारताशी एक नातं आहे.

पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला बेंजामिन डिझरेली राजकारणात पहिल्यांदा उतरला तो इथेच. १८३२ साली रेड लायन या खानावळीच्या सज्जावर उभं राहून त्याने भाषण ठोकलं, आणि निवडणुकीत पडला. विकमने त्याला एकदाही निवडून दिलं नाही. तरी १८४८ पासून तो गावाला लागूनच असलेल्या ह्यूएन्डन इथल्या वाड्यात राहायला आला, शेवटपर्यंत तिथेच राहिला आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं. पंतप्रधान असताना १८७६ मध्ये त्याने कायदा करून व्हिक्टोरियाला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' हा किताब दिला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, याच दरबाराला हातानं कातलेल्या सुताच्या कपड्यांत गेले होते.

आता डिसेंबर १८७७. राणी डिझरेलीला भेटायला त्याच्या घरी आली. तिच्या वाटेवर विकमकरांनी हाय स्ट्रीटवर आडवी कमान उभारली. फुलांची नाही, खुर्च्यांची. एकमेकींत अडकवलेल्या शेकडो खुर्च्या, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिचा फोटो आहे, जरूर बघा.

त्याच वर्षी दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. सोलापूर, विजापूर, नगर. सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पाठवत होती. आम्ही ते वर्ष शिकलो दुष्काळाचं म्हणून. विकममध्ये ते वर्ष कमानीचं आहे.

तर्कट

सह्यकडा, तुमचं खरं आहे, पण खुर्च्या जुळवणाऱ्या माणसाचा त्यात काय दोष? त्याला दख्खन कुठे आहे हेही माहीत नसणार. कमान म्हणजे कारखानदारांची जाहिरात, दुसरं काही नाही.

सह्यकडा

दोष दिलाच नाही. दोन्ही गोष्टी एका वर्षात होत्या एवढंच म्हटलं. आणि जाहिरात होती यात शंका नाही. ही युक्ती पुढेही वापरली, १८८० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आला तेव्हा पुन्हा खुर्च्यांची कमान.

माळरान

तर्कट यांच्या दुसऱ्या शंकेचं राहिलं होतं. बॉजर 'स्वतंत्र' होता तो इतकाच की त्याच्या डोक्यावर भोंगा नव्हता. भाव पडले की पहिला तोच मरायचा. पण कारखान्यातलेही फार सुखात नव्हते. नगावर मजुरी, हत्यारं स्वतःची. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये मजुरीचे दर आणि युनियन यावरून मालकांनी टाळेबंदी केली. हजारो कामगार अख्खा हिवाळा बाहेर. लंडनहून पोलीस मागवले गेले. शेवटी जॉर्ज ॲस्क्विथ या सरकारी मध्यस्थाने फेब्रुवारी १९१४ मध्ये तोड काढली, आणि कामगारांची युनियन गावात पक्की रुजली. कमानीबद्दल विकममध्ये सगळ्यांना माहीत असतं, टाळेबंदीबद्दल विचारा, फार थोडे सांगतील.

विमानवेडा

दुसऱ्या महायुद्धातलं कुणी लिहिलं नाही म्हणून. डी हॅविलँड मॉस्किटो हे लढाऊ विमान लाकडी होतं. धड म्हणजे बाहेर आणि आत बर्च प्लायवुडचे पातळ थर, मध्ये हलकं बाल्सा. शेंग उघडावी तसे दोन उभे अर्धे भाग साच्यावर वेगवेगळे चिकटवायचे, आतलं वायरिंग करून घ्यायचं आणि मग जोडायचे. ॲल्युमिनियमची टंचाई होती आणि सुतार रिकामे होते, कारण युद्धात फर्निचर कोण घेणार? मॉस्किटोचे कितीतरी भाग विकमच्या फर्निचर कारखान्यांत झाले. कालपर्यंत टेबलं करणारे लोक ४०० मैल वेगाच्या विमानाचे पंख चिकटवत होते.

भारताशी इथेही संबंध आहे. १९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेश आघाडीवर या विमानांच्या लाकडी सांध्यांनी दगा दिला. काही हवेतच मोडली. चिकटवण्यातल्या त्रुटी आणि आपली हवा, दोन्हींवर ठपका आला. दोष नेमका कुठे झालेल्या भागांत होता ते सोडा, विकमवर लगेच खापर फोडू नका.

सुताराचा_नातू

आमच्या पावसाळ्यात दरवाजे फुगतात, विमानाचं काय घेऊन बसलात.

स्लाऊकर

सध्या तिथे काय शिल्लक आहे? मला तर फक्त वाहतूक कोंडी आणि तो उड्डाणपूल दिसतो.

माळरान

युद्धानंतर पंचवीस-तीस वर्षं भरभराटीचीच होती. लुशियन एर्कोलानी नावाचा इटलीत जन्मलेला माणूस १९२० मध्ये इथे कारखाना काढून बसला होता, तो एर्कोल. १९४४ मध्ये सरकारने त्याला साध्या स्वयंपाकघरातल्या १,००,००० खुर्च्यांची मागणी दिली. बॉजरची तीच जुनी विंडसर खुर्ची (पाय आणि पाठ दोन्ही जाड फळीच्या बैठकीत खोचलेली), पण यंत्रावर. त्या काळात रेशनवर मिळणारं 'युटिलिटी' फर्निचरही विकमच्याच दोन माणसांच्या रेखाटनांवरून झालं, एडविन क्लिंच आणि एच. जे. कटलर. १९५३ मध्ये गोमे कंपनीने जी-प्लॅन आणलं. अख्खा सेट न घेता एकेक नग घेत घर सजवायचं, ही कल्पना मध्यमवर्गाने उचलून धरली. ते जुने जी-प्लॅन साइडबोर्ड आता लोक पुन्हा शोधतात.

या कारखान्यांना माणसं हवी होती. पन्नास-साठच्या दशकांत कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून लोक आले, पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरच्या बाजूचे पहाडी बोलणारे आले. ब्रिटनमधली सेंट व्हिन्सेंटकरांची सर्वांत मोठी वस्ती आज विकममध्ये आहे. बाजारात ओली हळद मिळते ती त्यामुळे.

साठच्या दशकात वाय नदी गावाच्या मधोमध झाकून टाकली आणि तिच्यावर रस्ते आणि दुकानं आली. स्लाऊकर, तुमचा उड्डाणपूल त्याच काळातला. सत्तरच्या दशकात रोगाने एल्मची झाडं गेली. त्यानंतर बाहेरचा स्वस्त माल आणि पेटीत घडी घालून विकलेलं फर्निचर. गोमेचा कारखाना बंद झाला, एर्कोल २००२ साली जवळच्या प्रिन्सेस रिसबरोला हललं. बॉजर तर १९५० नंतर बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

ज्या नदीने गाव मोठं केलं तीच झाकली, हे मला अजून पटत नाही. ती पुन्हा उघडी करायची चर्चा अधूनमधून होते.

तर्कट

झाकली नसती तर स्लाऊकरची गाडी पाण्यात गेली असती.

सुताराचा_नातू

जुन्या बाजारात विंडसर खुर्च्या दिसतात, सगळे विकमच्याच म्हणून विकतात. खरी कशी ओळखायची?

माळरान

उलटी करा. हाताने कोरलेली असेल तर बैठकीच्या खालच्या बाजूला करवतीचे किंवा रंध्याचे असमान माग दिसतात, यंत्राची एकसारखी गोल रेघ नसते. कातलेल्या पायाची जाडी बोटांनी चाचपा. ओला कातलेला पाय वाळताना एका बाजूने जास्त आकसतो, त्यामुळे तो पूर्ण गोल राहत नाही, किंचित लंबगोल लागतो. काही कारखाने बैठकीच्या मागच्या कडेवर नावाचा शिक्का मारायचे, तोही शोधा. पण शिक्का नाही म्हणजे विकमची नाही असं मुळीच नाही, आणि विंडसर खुर्च्या इंग्लंडात इतरत्रही भरपूर व्हायच्या.

खात्री करायची तर कॅसल हिलवरच्या विकम म्युझियममध्ये जा. तिथे खुर्च्यांचा चांगला संग्रह आहे, आणि घरची खुर्ची कशाशी ताडून बघायची ते कळेल. स्टेशनपासून चालत जाता येतं.

सुताराचा_नातू

लंबगोल पायाचं माहीत नव्हतं. या शनिवारी दोन खुर्च्या बघायला जायचंय, चाचपून बघतो. विक्रेता माझ्याकडे कसा बघेल देव जाणे.